डोंगर, खाजण आणि बंदर : उरणच्या संपत्तीचा आढावा

उरण तालुक्याचा नकाशा पाहिला की जमिनीचे तीन पट्टे लगेच नजरेत भरतात. पूर्वेला कर्नाळ्याच्या बाजूने रानसई, चिरनेरकडे उतरत आलेली डोंगररांग आहे. पश्चिमेला मुंबई बंदराच्या पाण्याला लागून दोन डोंगर उभे आहेत: दक्षिणेला द्रोणागिरी, उत्तरेला मोरा बंदराच्या बाजूचा. त्यांच्यामधल्या खोलगटात उरण शहर वसले आहे. पूर्वेची डोंगररांग आणि पश्चिमेचे हे डोंगर यांच्या मध्ये पसरलेली आहेत खाजणे, भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला चिखल उघडा टाकणारी. उरण शहर आणि हे दोन डोंगर ज्यावर आहेत ते करंजा जुन्या इंग्रजी कागदपत्रांत बेट म्हणूनच नोंदलेले आहे. मुख्य भूमीपासून त्याला वेगळे करणारी खाडी आज भरावाखाली, रस्त्यांखाली आणि कंटेनर ठेवण्याच्या आवारांखाली गेली आहे. घारापुरीचे बेटही प्रशासनाच्या दृष्टीने याच तालुक्यात येते, हे मुंबईहून लाँचने लेणी पाहायला जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते.

उरणबद्दल बोलताना दोन टोकांची वाक्ये ऐकू येतात. एक, हा मुंबईच्या सावलीत राहिलेला मागास भाग होता, बंदर आले आणि तो पुढे गेला. दुसरे, इथे सगळे सुखात चालले होते, प्रकल्प आले आणि सगळे बुडाले. दोन्ही वाक्ये इतिहासाला धरून नाहीत. उरण कधीच गरीब नव्हते. दगड, मीठ, भात, मासळी, जंगल आणि जहाजांना आडोसा देणारे पाणी हे सगळे इथे दीड हजार वर्षे होते आणि त्याला गिऱ्हाईकही होते. मात्र डोंगर, खाजण आणि समुद्र एकमेकांच्या आधारावर चालत होते, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येक सत्तेने त्यातली आपल्या कामाची एकच वस्तू उचलली. उरलेल्या दोन गोष्टींचे काय होईल, हे ठरवताना उरणच्या माणसाला कोणी विचारले नाही. या भागाच्या इतिहासाचा धागा मला तिथे सापडतो.

आधी जमीन. उरणचे डोंगर दख्खनच्या पठारासारखेच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचे. सह्याद्रीच्या माथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या आसपास ते समुद्राकडे वाकतात. भूशास्त्रात या वाकाला पनवेलचेच नाव आहे. या वाकामुळे इथली जमीन समुद्राकडे कलली, समुद्र खाड्यांच्या रूपाने आत शिरला आणि डोंगरांचे उंचवटे बेटांसारखे सुटे उरले. मोठी नदी इथे नाही. पावसाळ्यात डोंगरावरून धावत आलेले पाणी ओढ्यांतून खाडीत जाते आणि सोबतचा गाळ भरती-ओहोटी पसरवून देते. खाजणाची सुपीकता या गाळाची. वर्षाकाठी पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण काळा कठीण खडक पाणी साठवून ठेवत नाही. म्हणून उन्हाळ्यात उरणची भिस्त रानसईच्या धरणावर येते. औद्योगिक विकास महामंडळाच्या या एका धरणाकडे शहर, गावे आणि कारखाने सगळेच डोळे लावून बसलेले असतात. पावसाळ्यात पाणी बुडवते आणि उन्हाळ्यात मिळत नाही, हा अनुभव उरणला नवा नाही.

या खडकाचा सर्वात सुंदर उपयोग घारापुरीला झाला. सहाव्या शतकाच्या मध्याला कोणीतरी इथला बारीक पोताचा बसाल्ट निवडला आणि डोंगराच्या पोटात शैव लेणे कोरले. बहुतेक अभ्यासक ते कलचुरींच्या काळात ठेवतात. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली, हा त्या मताचा एक आधार. सुमारे सहा मीटर उंचीची महेशमूर्ती जगाला ठाऊक आहे. पण बेटाच्या दुसऱ्या टेकडीवरची बौद्ध लेणी आणि विटांचा स्तूप पाहायला फारच थोडे जातात. शैव लेण्याच्या आधीपासून इथे वस्ती, व्यापार आणि भिक्षूंचा वावर होता, याचा तो पुरावा आहे. बंदर असल्याशिवाय अशी जागा उभी राहत नाही.

इ. स. ६३४ च्या ऐहोळेच्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन पुरी या पश्चिम समुद्राच्या लक्ष्मीवर चाल केल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे अनेकजण ठामपणे सांगतात. तेवढे ठाम होण्यासारखा पुरावा नाही. अभ्यासकांनी इतर जागाही सुचवल्या आहेत. उरणच्या अभिमानाला त्या एका ओळीची गरजही नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे शिलालेख उरणजवळच्या चाणजे आणि रानवड इथे मिळाले आहेत. त्यांतले शेवटचे तेराव्या शतकाच्या मध्यातले, शिलाहार राजा सोमेश्वराच्या काळचे. त्यानंतर थोड्याच वर्षांत यादवांच्या आरमारापुढे हे राज्य संपले. गावाच्या शेताबांधात दगडावर कोरलेली दाने सापडतात, म्हणजे इथली जमीन तेव्हाही मोजण्याजोगी, दान देण्याजोगी आणि तंटे होण्याजोगी मोलाची होती.

पोर्तुगीज आले ते सोळाव्या शतकात. त्यांनी करंज्यात ठाणे केले, द्रोणागिरीवर चौकी आणि चर्च बांधले. चर्चचे अवशेष आजही डोंगरावर आहेत. घारापुरीच्या किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. तिथे असलेला शिलालेखाचा दगड पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला आणि पुढे त्याचा पत्ता लागला नाही, असे पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोतो याने लिहून ठेवले आहे. लेणे कोणी कोरवले याचे उत्तर कदाचित त्या दगडावर होते. इंग्रजांनी १८६४ मध्ये हत्तीच हलवायला घेतला. उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे मुंबईला नेले गेले आणि पुढे जोडून राणीच्या बागेत, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, उभे केले गेले. हत्ती अजून तिथेच आहे. उरण तालुक्यातल्या शाळेच्या मुलांना आपल्या बेटाचा हत्ती पाहायला भायखळ्याला जावे लागते.

१७३० च्या दशकाच्या अखेरीस, मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या काळात, मानाजी आंग्र्यांनी करंजा घेतले. मराठी अंमल जेमतेम साडेतीन दशके टिकला. १७७४-७५ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेटही ताब्यात घेतले, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा ही बेटे त्यांच्याकडेच राहिली. त्यामुळे पेशवाई बुडण्याच्या छत्तीस वर्षे आधीपासून उरण कायमचे मुंबईच्या हिशोबात गेले. मुंबईला बंदर राखायचे तर समोरचा किनारा हातात हवा, हे ईस्ट इंडिया कंपनीला नेमके कळले होते. पुढच्या दोनशे वर्षांत उरणचे जे झाले त्याची गुरुकिल्ली या तहात आहे. उरण ठाणे जिल्ह्यात राहिले, मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुलाबा जिल्ह्यात आले, १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. जिल्हे बदलले तरी निर्णय मुंबईत होत राहिले.

आता खाजणाकडे वळतो, कारण उरणच्या माणसाचे खरे कर्तृत्व तिथे आहे आणि त्याच्यावर सर्वात कमी लिहिले गेले आहे.

भरतीचे पाणी जिथे पसरते तिथे मातीचे बांध घालून आतली जमीन खाऱ्या पाण्यापासून तोडायची, पावसाच्या गोड्या पाण्याने दोनतीन वर्षे धुवायची आणि मग भात लावायचे, ही कला या किनाऱ्यावरच्या आगरी आणि कराडी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. बांधात जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे, भरती चढू लागली की दार लागलेच पाहिजे. बांधाला एक खांडे पडले तर एका शेताचे नव्हे, बांधाआतल्या आख्ख्या खाराचे पीक जाते, म्हणून बांधाची राखण सगळ्यांनी मिळून करायची. शिलोत्री नावाची जमीनधारणेची पद्धत या सामाईक कष्टातून आली: ज्यांनी मिळून समुद्राकडून जमीन काढली त्यांचे तिच्यावर मिळून हक्क. दस्तऐवजांत हा हक्क नोंदला गेला, पण आधुनिक भूसंपादनाच्या कायद्याला सामाईक हक्काची भाषा कधीच नीट समजली नाही.

भात न पिकणाऱ्या खाजणात मिठागरे होती. मोठ्या भरतीला, उधाणाला, पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने दाट करायचे आणि शेवटी फळीने मीठ ओढायचे. उरण आणि पेणचे मीठ गलबतांनी मुंबईला आणि तिथून दूरवर जाई. बांधाच्या बाहेर, तिवरांच्या मुळांशी, चिंबोऱ्या, निवटे, कोळंबी, खुबे मिळत. शेततळ्यात जिताडा वाढे. शेतीचे काम नसेल तेव्हा मिठाचे, मिठाचे नसेल तेव्हा मासळीचे. खोल पाण्यातली मासेमारी करंजा, मोरा, न्हावा, शेवा, घारापुरीच्या कोळ्यांची. तिवरे तोडली तर मासळीची पिल्ले जातात, डोंगरावरचे झाड गेले तर उघाडीत गाळ बसतो, हे इथे कोणाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पैशाच्या दृष्टीने मात्र एकोणिसाव्या शतकातले उरण ओळखले जाई ते दारूच्या भट्ट्यांसाठी. बहुतेक भट्ट्या पारशी मालकांच्या होत्या आणि त्यांतली मोहाची दारू मुंबई शहर पीत असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळण्यावर आणि विक्रीवर सरकारची मगरमिठी बसली. लागणारी मोहफुले आणली जात गुजरातेतून, पंचमहालाच्या बाजूने. आणि इथल्या डोंगरांतले मोह? १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवर निर्बंध आणले. कातकरी आणि ठाकूर आपल्या झाडाखाली पडलेले फूल उचलू शकत नव्हते, कारण त्यांनी घरी दारू गाळली तर सरकारचे उत्पन्न बुडाले असते. डोंगराखाली राहणाऱ्याने चोर ठरावे आणि शेकडो कोसांवरून आलेले तेच फूल बंदरात कर भरून दारू व्हावे, यापेक्षा वसाहतीच्या अर्थशास्त्राचे स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदीने तो धंदा आटोपला.

जंगलावरचे निर्बंध मोहापुरते नव्हते. सरपण, गुरांचा चारा, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, लागणारा पालापाचोळा आणि फांद्या हे सगळे राखीव जंगलाच्या नियमांत अडकले. खाचरातल्या भाताचे रोप डोंगरावरच्या पाल्याने भाजलेल्या राबावर वाढत होते, त्यामुळे जंगल बंद झाले की शेतही अडत होते. १९३० मध्ये देशात मिठाचा सत्याग्रह चालू असताना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, त्यामागे हे रोजचे दुखणे होते. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी आक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन झाडे तोडायला गेले. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. ते एका गावचे नव्हते, चिरनेरबरोबर खोपटे, मोठी जुई, कोप्रोली, दिघोडे अशा गावांचे होते. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले. दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. पुढारी येतात, भाषणे होतात. त्या भाषणांत स्वातंत्र्याचा उल्लेख भरपूर असतो, राबाचा क्वचित. मला वाटते, राब विसरला की चिरनेर अर्धेच उरते.

स्वातंत्र्याच्या आधीच उद्योगाची चाहूल लागली होती. १९४१ मध्ये मोऱ्याला ग्राइंडवेलचा कारखाना सुरू झाला. धातू घासण्याची चाके बनवणाऱ्या देशातल्या पहिल्या कारखान्यांपैकी तो एक. करंज्याला नौदलाचे शस्त्रागार झाले आणि द्रोणागिरीचा बराच परिसर सामान्य माणसाला बंद झाला. तरीही १९७० पर्यंत तालुक्याचा चेहरा भात, मीठ आणि मासळीचाच होता. मुंबईला जायचे तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच, किंवा पनवेलवरून फिरून एसटी. ओहोटीला गाळामुळे लाँच अडे. ती आजही अडते.

मग चार वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी ठरली. १९७४ मध्ये सागर सम्राट या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, दोनएक वर्षांत समुद्राच्या तळातून वाहिन्या उरणला येऊन टेकल्या आणि ओएनजीसीचा प्रकल्प उभा राहिला. त्यापाठोपाठ बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र आले, ज्याची क्षमता ६७२ मेगावॉटपर्यंत गेली. भेंडखळला घरगुती गॅसचा प्रकल्प आला. उरणला आलेला वायू शुद्ध होऊन थळच्या खत कारखान्याला, नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पाला, ट्रॉम्बेला गेला. देशाचे अर्धे तेल एकेकाळी ज्या समुद्रातून येत होते त्याचा उंबरठा उरण होता. उंबरठ्यावर राहण्याचे धोकेही वाट्याला आले: ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, चौघांचा जीव गेला, त्यांतले तिघे आग विझवायला धावलेले सुरक्षा दलाचे जवान होते.

झारखंडची गोष्ट आपण ऐकतो: डोंगर, जंगल, कोळसा, लोखंड सगळे असून गावे रिकाम्या हाताची. २००० मध्ये तिथे निदान वेगळ्या राज्याची मागणी मान्य झाली. उरणसारख्या तालुक्याला तेवढीही सोय नाही. इथली संपत्ती निम्मी जमिनीतली, निम्मी ये-जा करणारी. वाहिनीतून येणारा वायू किंवा कंटेनरमधला माल इथला नाही, म्हणून त्यावर इथला हक्क नाही, असे सहज म्हणता येते. पण माल उतरतो तो ज्या खाडीवर, ज्या भरावावर आणि ज्या भातखाचरावर, ते इथलेच होते.

हा प्रश्न सर्वात मोठ्याने विचारला गेला १९८४ मध्ये. न्हावा शेव्याच्या बंदरासाठी आणि नव्या मुंबई शहरासाठी जमिनी घेताना मिळणारा मोबदला शेतकऱ्यांना मान्य नव्हता. जासईचे दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे अनेक वर्षांचे आमदार आणि कुलाब्याचे खासदार, या लढ्याच्या अग्रभागी होते. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि १७ जानेवारीला नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. धुतुम, पागोटे अशा गावांचे पाच शेतकरी मारले गेले. चिरनेरच्या आठांना आणि या पाचांना गोळ्या घालणारी सरकारे वेगवेगळी होती. पहिले परके, दुसरे आपणच निवडलेले. म्हणून जासईचा प्रश्न चिरनेरपेक्षा जास्त बोचरा आहे असे मी म्हणतो.

त्या रक्ताची किंमत म्हणून जे तत्त्व हाती आले ते साडेबारा टक्क्यांचे. संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा. १९९० च्या दशकात ही योजना आकाराला आली आणि भूसंपादनाच्या विचारात ती मोलाची भर होती: शेतकऱ्याला एकदाच रोख देऊन घालवायचे नाही, वाढणाऱ्या किमतीत त्याचा वाटा राहिला पाहिजे. तत्त्व उत्तम, अंमल मात्र रखडत रखडत झाला. वारसांची नावे वाढत गेली, भूखंड वर्षानुवर्षे हाती आले नाहीत, आणि थकलेल्या कुटुंबांनी ते हाती येण्याआधीच हक्क विकून टाकले. त्या भूखंडांवरच्या इमारती पाहून बाहेरचा माणूस म्हणतो की प्रकल्पग्रस्त श्रीमंत झाले. काही झाले, नाकारायचे कारण नाही. पण ज्यांची स्वतःच्या नावावर जमीन नव्हती, जे मिठागरात मजूर होते, खाडीत हाताने मासळी धरत होते किंवा दुसऱ्याच्या खारात वाट्याने भात लावत होते, त्यांना साडेबारा टक्के कशाचे मिळणार होते? कायद्याला सातबारा दिसतो, ओहोटीला चिखलात उतरणारी बाई दिसत नाही.

न्हावा शेव्याचे हे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आज ते देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी आहे. २०२४-२५ मध्ये तिथे वीस फुटी मापाने ७० लाखांहून जास्त कंटेनरांची चढउतार झाली. शेवा कोळीवाड्याचे विस्थापन करून उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवला गेला. समुद्रावर जगणाऱ्या लोकांना मिळालेली जागा अपुरी निघाली आणि घरांना वाळवी लागली. पुनर्वसन पूर्ण करा, ही मागणी घेऊन त्या गावाची पुढची पिढी अजून आंदोलने करते आहे. बंदराच्या विस्ताराने खाडीतली मासेमारी गेली, या तक्रारीवर राष्ट्रीय हरित लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल दिला आणि १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केला. रकमेपेक्षा निकालातला विचार मोठा होता. मासेमारीचे पाणी ही मालकीची जमीन नसली तरी ती उपजीविका आहे आणि तिची किंमत मोजावी लागते, हे स्पष्टपणे मान्य झाले. पैसे हाती पडण्याचा रस्ता त्यानंतरही लांबच राहिला. पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आणि त्या बंदराची सूत्रे याच न्हावा शेव्याच्या प्राधिकरणाकडे आहेत. तिथल्या कोळ्यांनी उरणकडे बोट दाखवून विरोध केला तर त्यांना प्रगतीचे शत्रू म्हणता येणार नाही.

या साऱ्यात डोंगरांचे काय झाले, हे मात्र कोणत्याही अहवालात एकत्र सापडत नाही. बंदर, रस्ते, गोदामे, नवी नगरे उभी करायची तर खाजण भरावे लागते, आणि भरावाला दगड-मुरूम लागतो तो आजूबाजूच्या टेकड्यांतून. उलवे, जासईपासून पूर्वेकडे दगडखाणींनी कापलेल्या टेकड्यांचे उघडे कडे रस्त्यावरून दिसतात. शेजारी पनवेल तालुक्यात विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली आणि नदीचा प्रवाह वळवला गेला. एक उंचवटा कापून एक खोलगट बुजवायचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवणारी जागाही जाते आणि जिरवणारी जागाही. उरणच्या गावांत आता उधाणाच्या वेळी, पाऊस नसतानाही, शेतात खारे पाणी शिरते. उघाड्या मोडल्या आहेत किंवा नव्या रस्त्याच्या भरावाने त्यांची तोंडे बंद झाली आहेत. बांधांची देखभाल १९४८ च्या खारभूमी कायद्यापासून गावाकडून सरकारी खात्याकडे सरकली. पुढे जमीन संपादित झाल्यावर खाते म्हणते हे आमचे नाही, नियोजन प्राधिकरण म्हणते ती शेतीची गोष्ट.

पाणजे, भेंडखळ, बेलपाडा इथल्या पाणथळ जागांचेही तसेच. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात म्हणून त्यांची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. पाणजेची २८९ हेक्टर पाणथळ वाचवण्यासाठी कार्यकर्ते आणि मच्छीमार वर्षानुवर्षे न्यायालयांत आणि लवादांत झगडत आहेत. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या जातात ही त्यांची मुख्य तक्रार आहे. पक्ष्यांसाठी लढणारे आणि भरपाईसाठी लढणारे मात्र बहुतेक वेळा वेगवेगळ्या सभांत बसतात. हे मला खटकते. पाणजेला भरतीचे पाणी येऊ दिले तर पक्षी येतील, तशी कोळंबीही येईल आणि शेजारच्या गावातले उधाणही तिथे सामावेल.

मधल्या काळात एक लढाई उरणने जिंकली. २००६ च्या सुमारास उरण, पनवेल आणि पेणच्या ४५ गावांतली जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घ्यायचे ठरले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले, आणि शेवटी संपादन गुंडाळले गेले. भूसंपादनावर गावाचे मत मतपेटीतून विचारण्याचा असा प्रसंग देशात दुर्मीळ आहे. जासईनंतर चोवीस वर्षांनी त्याच पट्ट्यात तो घडला, हा योगायोग नव्हे. गोळीबाराची आठवण घराघरात जिवंत होती.

घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. बेटावरून न्हावा शेव्याचे दिवे रात्रभर लखलखताना दिसत होते तेव्हा तिथली तीन गावे जनरेटरवर काही तास उजेड पाहत होती. जागतिक वारसा म्हणून बेटाची नोंद १९८७ ची. जगाने दखल घेतल्यावर एकतीस वर्षांनी गावात तार आली.

१२ जानेवारी २०२४ हा उरणच्या दळणवळणातला मोठा दिवस. त्या दिवशी शिवडी ते चिर्ले जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि खारकोपरपासून उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. लोकलचे मोल मला सेतूपेक्षा जास्त वाटते. सेतूवरून जाणाऱ्या गाड्या बहुतेक पुढे पुण्याकडे, गोव्याकडे निघून जातात. लोकलमध्ये उरणची कॉलेजला जाणारी मुलगी, नर्स, गोदीतला कामगार आणि करंज्याची मासळीची पाटी असते. त्यापाठोपाठ नवी मुंबईचा विमानतळ आला. त्याला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनावर प्रचंड मोर्चा गेला होता. जासई आणि पागोट्याची नातवंडे त्या मोर्चात चालत होती.

आता पुढचा टप्पा सुरू झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. नगराचे नाव कर्नाळा-साई-चिरनेर. सिडकोने किनारा आणि खाजण घेतले होते. ही गावे बहुतांश आतली, डोंगराच्या पायथ्याची, जिथे अजून राब भाजला जातो आणि खाराची बंदिस्ती अजून उभी आहे.

या नवनगराची आखणी करणाऱ्यांपुढे उरणच्या पन्नास वर्षांचा अनुभव उघडा पडलेला आहे, त्यामुळे काय करायला हवे हे नव्याने शोधावे लागणार नाही. आखणी सुरू होण्याआधी प्रत्येक उघाडी, प्रत्येक बांध आणि उधाणाची रेषा नकाशावर यावी. ती दाखवायला गावातले म्हातारे शेतकरी अजून आहेत. भरावाचा दगड कोणत्या टेकडीतून येणार हे आराखड्यातच लिहिलेले असावे, ठेक्यात नव्हे. सातबारावर नाव नसलेला मजूर, कातकरी आणि खाडीवर जगणारा कोळी यांची गणती जमीनधारकांबरोबर एकाच यादीत व्हावी. जमिनीचा वाटा ठरेल तो ताबा घेण्यापूर्वी भूखंडाच्या क्रमांकासह हाती पडावा. आणि पेणच्या २२ गावांना २००८ मध्ये जे विचारले गेले, ते या १२४ गावांनाही त्यांच्या ग्रामसभेत विचारले जावे.